आबांची चार बटणं

काल संध्याकाळी असोद्याच्या स्टॉपवर उतरले आणि घराच्या आधी धूर भेटला. कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचा, पऱ्हाट्यांचा धूर. तो डोळ्यांत जात नाही, सरळ पोटात जातो. फिकट हिरवी, हाताच्या पंजापेक्षा मोठी वांगी त्या जाळावर टाकली की साल काळी पडून तडकते आणि आतून बारीक शीळ घातल्यासारखी वाफ निघते. मग कुठल्या तरी अंगणात भरीत ठेचायची लाकडी बडगी येते, मिरची-लसूण ठेचल्याचा ठकठक आवाज सुरू होतो. आमच्याकडे हिवाळा असा येतो. स्वेटर नंतर निघतात, आधी वांगी येतात.

हा वास आला की मला दोन वर्षांपूर्वीचा हिवाळा आठवतो. त्या हिवाळ्यात आमच्याही अंगणात भरीत झालं होतं, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या झाल्या होत्या, केळीच्या पानांवर पंगत बसली होती. आबा मात्र आतल्या खोलीत दार लोटून बसले होते.

आबा म्हणजे माझे वडील. जळगावच्या बस स्टँडवर ते वाहतूक नियंत्रक होते. लाउडस्पीकरमधून गाड्या पुकारणारा आवाज त्यांचा. मी आठवीपासून शाळेला जळगावला जायची. परतीच्या वेळी स्टँडवर मैत्रिणींबरोबर उभी असले की डोक्यावरून आबा बोलायचे. घरी ते आईसारखंच बोलत, ‘मले’, ‘तुले’, ‘काऊन व’. माइकपुढे बसले की मात्र एकदम पुस्तकातली मराठी, शब्द कसे धुऊन वाळवून घडी घातलेले. असोद्याची गाडी पुकारण्याआधी ते किंचित थांबत, घसा साफ करत. ते थांबणं माझ्यासाठी असतं असं मला कितीतरी वर्षं वाटायचं. विचारलं कधीच नाही. विचारून ‘नाही’ असं उत्तर आलं असतं तर काय करायचं?

दोन वर्षांपूर्वी दसऱ्यानंतरच्या आठवड्यात, एका सकाळी त्यांच्या हातातून चहाचा कप निसटला. उचलायला वाकले ते उठले नाहीत. डॉक्टरांनी चौथ्या दिवशी मला बाजूला घेऊन सांगितलं, “मेंदूतली एक बारीकशी रक्तवाहिनी बंद झालीय. उजवा हात आणि जीभ, दोन्हींची ताकद गेलीय. पण स्मरण, बुद्धी, शब्द, सगळं शाबूत आहे. शब्द बाहेर येण्याची वाट तेवढी खराब झालीय.”

मी पुण्यात एका कंपनीत दूरदूरचे सर्व्हर सांभाळायचं काम करते. घरून काम करायची परवानगी काढली आणि हिवाळाभरासाठी असोद्याला आले.

दवाखान्यातून घरी आल्यावर आबा आठ-दहा दिवस बोलायचा प्रयत्न करत होते. मग एकदा आईबरोबर कोपऱ्यावरच्या दुकानात गेले. त्यांनी काडेपेटी मागितली. दुकानदार म्हणाला, “काय?” त्यांनी परत सांगितलं. तो परत म्हणाला, “काय?” तिसऱ्यांदा त्यानं आबांकडे पाहिलंही नाही. आईला विचारलं, “काय म्हणतात ते?” माणूस वाईट नव्हता, घाईत होता. पण आबा काडेपेटी न घेताच घरी आले आणि त्या दिवसापासून बाहेर बोलायचे थांबले. मग हळूहळू घरातही. पाणी हवं असलं की तांब्याकडे बोट.

जळगावला वाचा-उपचार करणाऱ्या एक मॅडम होत्या. त्यांनी सांगितलं होतं, रोज वीस मिनिटं मोठ्यानं वाचा, ते रेकॉर्ड करा, आपलं आपण ऐका, पुन्हा वाचा. आबांनी मान डोलावली आणि घरी येऊन काहीच केलं नाही.

आई म्हणाली, “आपलाच आवाज आपल्याले कसा ऐकवल व माय त्याहीले? आन वाचतीन तं घरभर ऐकू जाईन. लाजता ते.”

आबांचा एक जुना कॉम्प्युटर आहे. निवृत्तीनंतर ते त्यावर स्टँडच्या आठवणी लिहीत. कुठल्या गाडीत कोण बाळंत झाली, कुठल्या कंडक्टरनं हरवलेलं पोर तीन स्टॉप मागे जाऊन परत आणलं. एका दुपारी मी पाहिलं, ते डाव्या हातानं माऊस धरून बसले होते. बाण थरथरत होता. एक खिडकी उघडली ती दुसरीच्या मागे गेली. ती ओढायला गेले तर पडद्याच्या कडेबाहेर सरकली. दोनदा पटपट टिचकी मारणं डाव्या बोटाला जमेना. बराच वेळ झगडले. मग त्यांनी माऊस अलगद उचलला, पालथा केला आणि तसाच टेबलावर ठेवून दिला. मी दारातूनच मागे फिरले.

माझ्या स्वतःच्या कॉम्प्युटरवर मी कित्येक वर्षांत माऊसला हात लावलेला नाही. पडद्यावर कुठली खिडकी कुठे, केवढी उघडावी हे ठरवणारा एक वेगळाच प्रोग्राम असतो, विंडो मॅनेजर म्हणतात त्याला. मी वापरते त्यात चित्रं नाहीत, पट्ट्या नाहीत, सजावट नाही. उघडलं की काळा कोरा पडदा. पण त्याला हवं ते शिकवता येतं. एका साध्या फाइलमध्ये आपण ओळी लिहायच्या, अमुक बटण दाबलं की तमुक कर, आणि तो ते करतो. कॉम्प्युटर बंद-चालू करायचीही गरज नाही. काळ्या खिडकीत एक आज्ञा टाइप केली की चालता चालता त्याची सवय बदलते. त्यात खिडक्या एकमेकींवर चढत नाहीत, एक उघडली की ती पडदाभर. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दोन बटणं एकदम दाबायची गरज नाही. आधी एक इशाऱ्याचं बटण दाबून सोडायचं, मग दुसरं. एका हाताला पुरेसं.

मी आबांना म्हटलं, “तुमच्या कॉम्प्युटरवर मला दोन दुपारी काम करायचंय. तुम्ही शेजारी बसा. तुमच्याशिवाय होणार नाही.” ते उठून गेले नाहीत, याचाच मला आनंद झाला.

पहिली अडचण तासाभरातच आली. मी बटणं ठरवली ती इंग्रजी अक्षरांवर, आणि आबांचा कीबोर्ड कायम मराठीवर. ते दाबत होते, पडदा ढिम्म. कॉम्प्युटरला इंग्रजी अक्षर हवं होतं आणि आबा त्याला मराठी देत होते. मी ओळी पुसल्या आणि म्हटलं, “मग मराठीच ठेवू. तुम्हीच अक्षरं सांगा. लिहायचं असेल तर कुठलं?”

आबांनी डावं बोट उचललं आणि ‘ल’ वर ठेवलं.

“वाचायचं असेल तर?”

‘व’.

“खिडकी बंद करायची असेल?”

थोडा विचार करून ‘न’. मी पाहत राहिले तर त्यांनी मान हलवून दाखवली. न म्हणजे नको. दोघंही हसलो. कप निसटल्यापासून पहिल्यांदाच हसलो बहुतेक.

चौथं मी स्वतःच सुचवलं, भीत भीत. “आणि आबा, ‘म’. म्हणजे म्हणा. हे दाबलं की कॉम्प्युटर तुमचा आवाज टिपून ठेवेल. हेडफोन लावा, दार लावा. नंतर तुमचं तुम्ही ऐका. दुसरं कोणी ऐकणार नाही.”

ते कीबोर्डकडे बघत राहिले, मग बोटानं मला दाखवलं. मराठी कीबोर्डवर म, न, व, ल ही चारही अक्षरं खालच्या ओळीत एकापाठोपाठ एक येतात. मी रोज टाइप करणारी, माझ्या ते कधी लक्षात आलं नव्हतं.

फाइलमधल्या प्रत्येक ओळीच्या वर मी मराठीत टीप लिहिली. ‘खालच्या ओळीमुळे ल दाबल्यावर लिहायची जागा उघडते.’ ‘खालच्या ओळीमुळे आवाज या फोल्डरमध्ये साठतो.’ त्या टिपा खरं तर माझ्याच सोयीसाठी होत्या. सहा महिन्यांनी आपलंच लिहिलेलं आपल्याला कळत नाही, म्हणून.

संक्रांतीच्या आधी मला पुण्याला परतावं लागलं. जाताना आबांच्या कॉम्प्युटरची वाट माझ्या कॉम्प्युटरपर्यंत जोडून गेले, म्हणजे काही अडलं तर तिथून दुरुस्त करता येईल. पुण्यातून एक ओळ टाइप केली की असोद्यात आबांच्या पडद्याच्या कोपऱ्यात ती उमटे. पहिल्यांदा मी लिहिलं, ‘आबा, गोळी घेतली का?’ तर काना-मात्रा, वेलांट्या सगळ्या अक्षरांपासून सुटून पडल्या. दुसरा फाँट घालीपर्यंत दोन दिवस आबांना माझे निरोप असे मोडक्या हाडांचेच जात होते. आई फोनवर म्हणाली, “तुह्ये आबा पडद्याकडे पाहून मान हालवता. म्या म्हनलं, कोनाले व्हय म्हनता हो? तं गोळी घेतली न् दाखोली मले.”

रोज सकाळी कामाला बसले की मी त्यांच्या कॉम्प्युटरवर डोकावत असे. आवाजाच्या फोल्डरमधल्या फाइलींची यादी काढायची. पहिले काही दिवस फोल्डर रिकामं होतं. मग एक दिवस एक फाइल. दुसऱ्या दिवशी दोन. मग रोज सकाळी दहाच्या सुमाराला चार-पाच. नुसती नावं आणि वेळा पाहूनच माझा दिवस चांगला जाई.

आणि एका दुपारी, डबा खाता खाता, मी त्यातली एक फाइल उघडून ऐकली.

आधी नुसता श्वास होता. मग आबांचा आवाज, जड, पाण्याखालून आल्यासारखा. ते पुस्तक वाचत नव्हते. फैजपूरच्या गाडीचे थांबे म्हणत होते. नशिराबाद. साकेगाव. मग भुसावळ. भुसावळला जीभ अडकली. पुन्हा पहिल्यापासून. नशिराबाद, साकेगाव, आणि पुन्हा तिथेच अडकले. सहा-सात वेळा तसं झालं. मग एकदम स्वतःलाच झापल्यासारखं, “नीट बोल ना, गधड्या.” ते मात्र अगदी स्पष्ट.

मला आधी हसू आलं. डबा तसाच ठेवून मी बाहेर जाऊन उभी राहिले.

ऐकलं ते ऐकलं, गप्प बसायचं. तेही मला जमलं नाही. त्या संध्याकाळी फोनवर आई बोलून झाल्यावर मी म्हटलं, “स्पीकरवर ठेव गं.” आणि उत्साहात म्हणून गेले, “आबा, साकेगाव किती छान आलंय.”

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग आई म्हणाली, “काय बोलली व तू? आत चालले गेले ते.”

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा कॉम्प्युटर बंद होता. तिसऱ्या दिवशीही. मी पुन्हा पुन्हा आज्ञा टाइप करायची आणि पडद्यावर तेच उत्तर यायचं, पलीकडे कोणी नाही. दुसरं कोणी ऐकणार नाही असं मीच सांगितलं होतं. आणि ऐकलं ते मीच. आईला फोन त्यांच्याकडे द्यायला सांगितलं तर ते घेत नव्हते. ज्या माणसाचं बोलणं मी इतक्या खटपटीनं चालू करू पाहत होते, त्याचं उरलंसुरलं बोलणं मीच थांबवलं, असं मला त्या दिवसांत वाटत राहिलं.

आठवडा उलटल्यावर एका सकाळी कॉम्प्युटर चालू दिसला. पडद्यावर निरोप पाठवायची माझी हिंमत नव्हती. कोपऱ्यात अचानक उमटणं म्हणजे पुन्हा दार न वाजवता आत शिरणंच. मी त्यांची ती बटणांची फाइल उघडली आणि अगदी तळाशी, टिपेच्या जागी, एक ओळ लिहिली. ‘आबा, चूक झाली. पुन्हा ऐकणार नाही.’ ते ती फाइल कधी उघडतील का, हेही मला माहीत नव्हतं.

दोन दिवसांनी पाहिलं, तर माझ्या ओळीखाली नवी ओळ होती.

‘बरं.’

एवढंच. पण अनुस्वारासकट. मराठी कीबोर्डवर ‘ब’ आणि ‘र’ उजव्या बाजूला असतात, अनुस्वार डाव्या टोकाला. एका हातानं त्यांनी ते बोट इकडून तिकडे नेलं होतं.

मग मला दिसलं की फाइलमध्ये आणखीही एक ओळ बदललेली आहे. आवाज कुठे साठवायचा, ती. माझी टीप वाचून आबांनी तिच्याखालच्या ओळीतला पत्ता खोडला होता आणि तिथे पेनड्राइव्हचा पत्ता घातला होता. आवाजाचं फोल्डर रिकामं होतं. आईला विचारलं तर म्हणाली, “ती बारीकशी काडी ना? सदऱ्याच्या खिशात ठेवता. आंघोळीले जाता तव्हा उशीखाली.”

मला अपमान वाटायला हवा होता कदाचित. मी मात्र खुर्चीत मागे टेकून बसले आणि खूप दिवसांनी हलकं वाटलं. बापानं लेकीपासून कुलूप घातलं होतं, आणि ते कुलूप त्यांनी स्वतः बनवलं होतं, कोणाला न विचारता.

फेब्रुवारीत, शेवटच्या वांग्यांच्या वेळी, मी दोन दिवसांसाठी आले. त्याच दिवशी धुळ्याहून दगडू नाना आले. नाना आबांच्या वेळचे ड्रायव्हर. आधी एकदा येऊन गेले होते, तेव्हा आबा खोलीबाहेर आलेच नव्हते. या वेळी नाना ओट्यावर बसले आणि आत बघून अहिराणीत मोठ्यानं म्हणाले, “कसा शेस भाऊ? बठ्ठा डेपो तुनी याद काढस.” म्हणजे सगळा डेपो तुझी आठवण काढतो.

आई चुलीपाशी थांबली. मी पाणी घेऊन दारातच उभी. मग आबा भिंतीला धरून बाहेर आले, समोरच्या खाटेवर बसले आणि म्हणाले, “ये. बस.”

नाना बसलेलेच होते. शब्दही जड होते, ‘स’ घसरला होता. पण नानांनी काही झालंच नाही अशा थाटात धुळ्याच्या थंडीची गोष्ट सुरू केली. आबा अधूनमधून एकेक शब्द टाकत होते. नानांना कळत होता तेव्हा ते उत्तर देत, कळत नव्हता तेव्हा म्हणत, “हाव, हाव,” आणि पुढे बोलत. आईनं माझ्या हातातला तांब्या घेतला आणि पदरानं डोळे टिपले. “धूर जाते व डोळ्यांत,” म्हणाली.

ही दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. काल मी आले ते आबांसाठी नवा कॉम्प्युटर घेऊन. जुना आता खरखर करतो. आज सकाळी ती बटणांची फाइल नव्यावर न्यायची म्हणून उघडली आणि थांबले. न विचारता पुन्हा आत शिरायचं नाही म्हणून मी त्या ‘बरं’नंतर ती उघडलीच नव्हती. मी जेमतेम दोन पडदे भरतील एवढ्या ओळी ठेवून गेले होते. आता ती खाली सरकवत गेले तरी संपेना. मध्ये मध्ये आबांच्या टिपा. ‘ही ओळ चुकली होती. दोन दिवस गेले.’ ‘हे असंच ठेवावे.’ आणि एके ठिकाणी कंसात कंस, त्यात कंस, असा सात-आठ ओळींचा एक गठ्ठा. काही केल्या मला तो उलगडेना.

“आबा, हे काय आहे?”

ते खुर्ची ओढून शेजारी बसले. आधी टेबलाच्या खणातून कागद काढले. त्या प्रोग्रामच्या इंग्रजी माहितीची छापील पानं, समासात पेन्सिलीनं, डाव्या हाताच्या वेड्यावाकड्या अक्षरात मराठी अर्थ.

“ही पानं कुठून छापून आणलीत?”

“ज-ळगाव.”

“कोणी नेलं?”

“बस-नं.” मग थोडं थांबून, “एकटा.”

म्हणजे दुकानात जाऊन, कुठली पानं, किती प्रती, सगळं त्यांनी तोंडानं सांगितलं होतं कुणाला तरी. त्यांनी बोट पडद्यावर ठेवलं आणि समजावायला सुरुवात केली. ‘ल’ दाबलं की काल जिथे लिहिणं थांबलं तिथेच फाइल उघडते. पण आधी वार बघितला जातो. रविवार असेल तर काही उघडत नाही, पडद्यावर फक्त ‘आज सुट्टी’ येतं. नोकरीत त्यांना रविवार क्वचितच मिळाला होता. प्रत्येक वाक्याला वेळ लागत होता. मी त्यांचा शब्द पुरा केला नाही, घड्याळ बघितलं नाही. आईनं जेवायला हाक मारली तर त्यांनी बसल्या बसल्याच हात वर केला, थांब. तासभर झाला असेल. आजारपणानंतर आबा सलग इतकं बोलल्याचं मी ऐकलं नव्हतं.

“समज-लं?” त्यांनी विचारलं.

“नाही,” मी खरं ते सांगितलं. “परत सांगा. वार बघायचा कंस कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो तेच कळलं नाही.”

आबांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. दोन वर्षं ‘परत सांगा’ म्हणणारी माणसं त्यांना पुष्कळ भेटली होती. मग अर्ध्या ओठानं हसले, चष्मा पुसला, खुर्ची आणखी जवळ ओढली आणि म्हणाले, “हे बघ.” आणि पहिल्या कंसापासून पुन्हा सुरुवात केली.